सदस्याच्या घरातच ठेका: तक्रार कुठे करायची, कागद कोणते लागतात?

वेशीवरचा_पिंपळ
मंडळी, नेमका सल्ला हवाय. गाव कर्नाटकातलं, बेळगावकडचं, नाव मुद्दाम देत नाही. ग्रामपंचायतीने एका गल्लीत सीसी (काँक्रीटचा) रस्ता केला, एकूण ३०० मीटर. कागदावर मात्र ती तीन कामं आहेत, प्रत्येकी ४ लाख ९० हजारांच्या आसपास. तिन्ही बिलं एकाच 'एंटरप्रायझेस'च्या नावावर. गावात सगळे म्हणतात, फर्म एका सदस्याच्या धाकट्या भावाची. तक्रार टाकायची तर कुणाकडे? ईओ (तालुका पंचायतीचे कार्यकारी अधिकारी), झेडपी, लोकायुक्त की पोलीस? आणि 'सगळे म्हणतात' याच्या पुढे हातात काय असावं लागतं?

जांबोटीचा_पाऊस
एसीबीकडे (लाचलुचपत विरोधी पथक) द्या. एका फटक्यात सरळ येतील.

फाइल_नंबर_बारा
पाऊसमामा, कर्नाटकात एसीबी राहिलेलीच नाही. २०१६ साली निघाली होती, ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने मोडीत काढली आणि अधिकार परत लोकायुक्त पोलिसांकडे गेले. इंटरनेटवर जुने नंबर आणि जुने फॉर्म अजून फिरताहेत, त्यांच्या नादी लागू नका.

पिंपळराव, 'कुणाकडे' हे शेवटी बघू. आधी तुमची तक्रार नक्की कशाबद्दल आहे ते ठरवा. तुम्ही तीन गोष्टी एकत्र बांधल्यात:
१) कामाचे तुकडे पाडले.
२) काम सदस्याच्या घरात गेलं.
३) (लिहिलं नाहीत, पण मनात असणार) काम निकृष्ट झालं.
तिन्हींचे कागद वेगळे, अधिकारी वेगळे. एकाच अर्जात तिन्ही कोंबले की चौकशीला आलेला माणूस सगळ्यात सोपी गोष्ट उचलतो. रस्ता बघतो, 'काम समाधानकारक' असं लिहितो आणि फाइल बंद करतो. हितसंबंधाला हातच लागत नाही.

मोजणीदार
बाराशी सहमत. तरी तुकड्यांचा मुद्दा सोडू नका, कारण हितसंबंधाचा रस्ता तिथूनच जातो. केटीपीपी, म्हणजे कर्नाटकचा सरकारी खरेदीच्या टेंडरचा १९९९ चा कायदा, त्याच्या कलम ४ मध्ये ५ लाखांपर्यंतच्या बांधकामाला टेंडरमधून सूट आहे. ४ लाख ९० हजार हा आकडा उगाच येत नाही. टेंडर पोर्टलवर गेलं की बाहेरचाही भरणार, आणि घरातल्याला काम देता येणार नाही.

तुकडे सिद्ध करायला रस्त्यावर जायची गरज नाही. मोजमाप पुस्तक म्हणजे एमबी मागवा. तिथे प्रत्येक कामाचं चेनेज लिहिलेलं असतं: पहिलं ० ते १०० मीटर, दुसरं १०० ते २००, तिसरं २०० ते ३००. रुंदी तीच ३ मीटर, जाडी तीच ०.१५ मीटर. एकाचा शेवट तिथे दुसऱ्याची सुरुवात, आणि मोजणीची तारीख तिन्हींची एकच. मग तिघांचं अंदाजपत्रक शेजारी ठेवा. वॉर्डाचं नाव आणि 'अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत' एवढं सोडलं तर ओळ न् ओळ सारखी निघते, कित्येकदा टायपिंगच्या चुकासुद्धा.

जांबोटीचा_पाऊस
पण सिमेंट किती घातलं ते बघायला नको? १३५ घनमीटर काँक्रीट म्हणजे एम-२० ला साडेआठशे-नऊशे पोती लागतात. तिथं निम्मी तरी पडली असतील काय?

मोजणीदार
हिशेब बरोबर आहे मामा, पण ती गुणवत्तेची तक्रार झाली. तिला कोअर (काँक्रीटचा नमुना) काढून टेस्ट लागते. सदस्याच्या भावाने अगदी उत्तम रस्ता केला तरी हितसंबंधाचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. उलट निकृष्टपणा पुढे केलात आणि टेस्ट पास झाली, तर दुसरा मुद्दाही त्याच्यासोबत बुडाला.

वेशीवरचा_पिंपळ
समजलं. मग मुद्दा दोनवर बोलू. भाऊ असणं पुरेसं आहे का?

तिसरं_गेट
इथेच बहुतेक तक्रारी मरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रामपंचायतीसाठी १९९३ चा पंचायत राज कायदा, कलम १२, सदस्याची अपात्रता. पंचायतीच्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' हिस्सा वा हितसंबंध असेल तर सदस्य अपात्र. महानगरपालिकेला १९७६ च्या कायद्याचं कलम २६, नगरपालिका, पुरसभा, पट्टण पंचायत अशा लहान शहरांच्या संस्थांना १९६४ च्या कायद्याचं कलम १६. म्हणजे निपाणी, चिक्कोडी, खानापूर गावठाणातल्यांनी पंचायत राजचं कलम लिहू नये. चुकीचा कायदा लिहिला म्हणून परत आलेले अर्ज कमी नाहीत.

कुठल्याच कलमात 'नातेवाईक' असा सरधोपट शब्द नाही, शब्द 'हितसंबंध' असा आहे. बायकोच्या नावावर असेल तर घर एक, चूल एक, त्यामुळे अप्रत्यक्ष हितसंबंध दाखवणं सोपं. बेळगावचं खाऊ कट्टा (खाद्यपदार्थांच्या गाळ्यांचं) प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. गाळे नगरसेवकांच्या पत्नींच्या नावे होते आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रादेशिक आयुक्तांनी कलम २६ खाली दोन नगरसेवकांना अपात्र ठरवलं. पुढे ते अपिलात आणि कोर्टात गेलं तो भाग वेगळा. आपल्या कामाचा धडा एवढाच की वर्तमानपत्रातल्या बातमीवर काही हललं नव्हतं, गाळावाटपाच्या कागदांवर हललं.

भावाचं तसं नाही. वेगळा राहणारा, वेगळा धंदा करणारा भाऊ रीतसर काम घेत असेल तर केवळ रक्ताच्या नात्यावर सदस्य अपात्र ठरत नाही. तिथे पैशाचा किंवा मालमत्तेचा धागा लागतो: फर्मचा पत्ता सदस्याच्या घराचा, सदस्य भागीदार, फर्मच्या कर्जाला सदस्य जामीन, दुकानाचा गाळा सदस्याच्या मालकीचा. यातलं एक तरी हवं.

शिवाय कलमाखाली अपवादही आहेत. ते पूर्ण वाचल्याशिवाय अर्ज लिहू नका. समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

इनव्हॉइस_ताई
धागा बिलातच असतो, फक्त बघायची सवय हवी. पंचायतीच्या व्हाउचरला टॅक्स इनव्हॉइस जोडलेलं असतं आणि त्यावर १५ अक्षरी जीएसटी नंबर.

पहिले दोन अंक राज्याचे: २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर बघा: पी असेल तर एकटा माणूस, एफ असेल तर भागीदारी फर्म, सी कंपनी, एच हिंदू अविभक्त कुटुंब. पी असेल तर पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर. 'श्री अमुक एंटरप्रायझेस' म्हणून कितीही मोठी पाटी लावा, पॅन खोटं बोलत नाही. आणि चौथं अक्षर एच निघालं तर कान टवकारा, कारण अविभक्त कुटुंबात सदस्य स्वतःही सहहिस्सेदार असू शकतो. मग 'भाऊ वेगळा' हे म्हणणंच टिकत नाही.

जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये नंबर टाका, लॉगिन लागत नाही. मालकाचं कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख, धंद्याचं स्वरूप, मुख्य पत्ता दिसतो. नोंदणीची तारीख निवडणुकीच्या निकालानंतर दोन-तीन महिन्यांतली असेल तर तो पुरावा नव्हे, पण अर्जात तारीख लिहा. वाचणाऱ्याला कळतं.

आपल्या सीमाभागातली एक खास गोष्ट. चंदगड, गडहिंग्लज, मिरजेकडची २७ नंबरची फर्म इथल्या पंचायतीला बिल देते तेव्हा त्यावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) लागायला हवा. बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन भाग दिसले तर बिल चुकलेलं किंवा बनवलेलं. तुकडे पाडले तरी प्रत्येक काम अडीच लाखांच्या वरच आहे. अडीच लाखांवरच्या करारावर पंचायतीने २ टक्के जीएसटी टीडीएस कापायचा असतो. कापलेला नसेल तर का, हा प्रश्न विचारता येतो.

फाइल_नंबर_बारा
ताईंची पोस्ट सेव्ह करून ठेवा. भागीदारी फर्म असेल तर जिल्हा निबंधकांकडे नोंदणी असते. भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ६६ प्रमाणे ते रजिस्टर कुणालाही फी भरून बघता येतं आणि ६७ प्रमाणे नक्कल मिळते. माहिती अधिकाराचीसुद्धा गरज नाही. नोंदणी नसलेली फर्म असेल तर बँक खातं उघडताना दिलेला भागीदारीनामा पंचायतीच्या वेंडर फाइलमध्ये असू शकतो.

नात्याच्या कागदासाठी सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पहाणी (आरटीसी), इथला सातबारा. भूमी पोर्टलवर सर्व्हे नंबर टाकला की आरटीसी उघडतो, वारसा नोंदीच्या म्युटेशनमध्ये (फेरफारात) बापामागे लागलेली सगळ्या भावंडांची नावं असतात. नातं सरकारी कागदावर सिद्ध. आणि जमीन अजून सामाईक असेल तर 'वेगळे राहतात' याला उत्तरही तिथेच मिळतं. घराचा पत्ता जुळवायला ई-स्वत्तूचा (गावातल्या मालमत्तांची ऑनलाइन नोंद) नमुना ९ किंवा ११ बघा.

सदस्याचं निवडणुकीचं प्रतिज्ञापत्रही काढा. महानगरपालिकेत तर कलम १९ प्रमाणे नगरसेवकाने दरवर्षी स्वतःच्या आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचं विवरण द्यायचं असतं. ते मागितलं की कार्यालयात कोण गडबडतो तेही कळतं.

जांबोटीचा_पाऊस
माहिती अर्ज दिला की पीडीओ (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी) म्हणणार कन्नडात आणा. आपलं मराठीतलं परत देणार. काय करायचं?

दुभाषी_अक्का
माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(१) मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं लिहिलंय. मराठी अर्ज इथे नाकारू शकतात, हिंदी नाकारू शकत नाहीत. देवनागरीच आहे, लिहायला सोपं. तरी माझं मत, कन्नडात द्या. कारण सरळ आहे: खालचा कारकून वाचतो, वरचा वाचतो, 'भाषांतरासाठी पाठवलं' म्हणून महिनाभर जात नाही. आणि ठेक्याच्या तक्रारीला भाषेचा वाद चिकटला की पुढे भाषाच चर्चेत राहते, ठेकेदार निवांत.

शब्द सांभाळून वापरा, कार्यालयात हेच चालतात: ठरावाचं इतिवृत्त म्हणजे नडावळी, अंदाजपत्रक म्हणजे अंदाजु पट्टी, मोजमाप पुस्तक म्हणजे अळते पुस्तक, काम म्हणजे कामगारी, ठेकेदार म्हणजे गुत्तिगेदार, पोच म्हणजे स्वीकृती. 'कामगारी' शब्दाने आपली फसगत होते, मजुरांशी त्याचा संबंध नाही.

एक सावधगिरी नावांची. कन्नड कागदावरून इंग्रजीत, तिथून परत मराठीत येताना विठ्ठलचा विठल होतो, वडिलांचं नाव पुढे-मागे होतं. अर्जात नाव कन्नड कागदावर आहे तसंच लिहा, 'उर्फ' लावून दुसरं. आणि निम्म्या गावाचं आडनाव पाटील असताना 'आडनाव एकच' हा पुरावा म्हणून लिहू नका, हसू होतं.

फाइल_नंबर_बारा
कर्नाटकच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. ए-४ पानाला २ रुपये. तिन्ही कामं एका अर्जात घातली की 'विषय तीन' म्हणून परत करतात. म्हणून तीन अर्ज, तीन पोस्टल ऑर्डर. मजकूर असा, कन्नडात करून घ्या:

'ग्रामपंचायत ___ यांच्या ___ या कामासंबंधी खालील कागदांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: अंदाजपत्रक व तांत्रिक मंजुरी, कोटेशनांचं तुलनापत्रक आणि सर्व कोटेशनं, कार्यादेश व करारपत्र, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, टॅक्स इनव्हॉइस व पेमेंट व्हाउचर, काम व बिल मंजूर झालेल्या सभांची नडावळी, हजेरीच्या सह्यांसह.'

शेवटचे शब्द विसरू नका. हजेरीच्या पानावर सदस्याची सही आणि त्याच सभेत बिल मंजूर, ही दोन पानं एकत्र आली की तक्रार उभी राहते. हितसंबंध असूनही सदस्य त्या विषयावर बसला, हे दाखवणारा दुसरा कागद नसतो.

'सर्व कोटेशनं' का, ते मोजणीदार सांगतील.

मोजणीदार
तीन कोटेशनं घ्यायची म्हणून तिन्ही एकाच टेबलावर बनतात. लेटरहेड वेगळं, पण आकडे बघा: पहिलं अंदाजाच्या बरोबर, दुसरं २ टक्के जास्त, तिसरं ४ टक्के जास्त, प्रत्येक ओळीत तोच फरक. खरा ठेकेदार खोदाईत कमी भरतो, काँक्रीटमध्ये जास्त भरतो. त्याचे दर असे शिस्तीत चालत नाहीत. हरलेल्या दोघांचेही जीएसटी नंबर ताईंच्या रीतीने तपासा. कधी कधी हरलेला सदस्याचा मेव्हणा असतो.

टेंडर झालेलं असेल तर केपीपीपी या राज्याच्या टेंडर पोर्टलवर कुणी भरलं, कोण बाद झालं ते दिसतं. बाद झालेल्या ठेकेदाराला केटीपीपीच्या कलम १६ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. तो हक्क त्याचा, गावकऱ्याचा नाही. पण त्याला गाठून कागद मिळतात.

आणखी एक पळवाट: काम 'लँड आर्मी'ला म्हणजे केआरआयडीएल या सरकारी बांधकाम कंपनीला किंवा निर्मिती केंद्राला दिलं, असं पंचायत सांगते. तिथे टेंडर नसतं. प्रत्यक्षात गावातलाच कुणीतरी गँग घेऊन काम करतो आणि त्याचं नाव पंचायतीच्या फाइलमध्ये येतच नाही. मग माहिती अर्ज पंचायतीला नको, त्या संस्थेच्या बेळगाव कार्यालयाला, 'या कामापोटी कुणाकुणाच्या खात्यात रक्कम गेली' असा.

वेशीवरचा_पिंपळ
पीडीओने 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारलं तर? असं हल्ली फार ऐकू येतं.

फाइल_नंबर_बारा
डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधली जुनी जनहिताची ओळ काढली, म्हणून हे उत्तर वाढलंय. पण कलम ८(२) तसंच आहे, जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी लागते. सरकारी पैशाचं बिल आणि सभेची नडावळी वैयक्तिक नव्हेच. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला, की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं पीठ बेळगावातही आहे. पण तारीख लागायला वेळ जातो, म्हणून सगळं त्यावर टांगून ठेवू नका.

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर वित्त आयोगाच्या पैशाची व्हाउचर घरबसल्या दिसतात, कुणाला किती गेले ते नावासकट. आधी ते छापून घ्या. आणि जमाबंदी चुकवू नका. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पंचायतीला वर्षाचे हिशेब, बिलं, फाइली लोकांसमोर ठेवाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी चहा-बिस्किटांवर उरकतात. तिथे उभं राहून 'अमक्या कामाची फाइल दाखवा, माझा प्रश्न नोंदवा' म्हटलं की नोंद करावी लागते.

तिसरं_गेट
आता 'कुणाकडे'.

सदस्यत्व रद्द व्हावं असं असेल तर झेडपीच्या सीईओंकडे (मुख्य कार्यकारी अधिकारी), प्रत ईओंना. कलम १२ सोबत गैरवर्तनाचं कलम ४३-अ लिहा. ४३-अ खालचा निर्णय सरकारी पातळीवर होतो, खालून अहवाल जातो. म्हणून अहवाल काय गेला तो माहिती अधिकारात मागत राहा. महानगरपालिकेचं असेल तर प्रादेशिक आयुक्त.

पीडीओ, इंजिनीअर यांची मिलीभगत असेल तर लोकायुक्त. साधा अर्ज चालत नाही. फॉर्म १ मध्ये तक्रार, फॉर्म २ मध्ये नोटरीसमोर शपथपत्र. आरोपाची (भ्रष्टाचार, पदाचा गैरवापर) तक्रार घटनेपासून ५ वर्षांच्या आत हवी, गाऱ्हाणं (कारभारामुळे झालेला त्रास) असेल तर कळल्यापासून ६ महिन्यांत. जाणूनबुजून खोटी तक्रार हा गुन्हा आहे, तेव्हा शपथपत्रात 'ऐकीव' वाक्य एकही नको. 'फर्म सदस्याची आहे' असं लिहू नका. 'जीएसटी पोर्टलवर फर्मचा पत्ता अमुक दिसतो, ई-स्वत्तूवर त्याच मालमत्तेचा मालक म्हणून सदस्याचं नाव आहे, जोडपत्र ३ आणि ४' असं लिहा. निष्कर्ष त्यांना काढू द्या.

पोलिसांत आत्ता जाऊ नका, 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतील.

जांबोटीचा_पाऊस
नाव न देता जमत नाही काय? गावात राहायचं हाय. सगळे मिळून घुमवायलेत एकेकाला.

तिसरं_गेट
मामा, निनावी तक्रारीला लोकायुक्तांकडे किंमत नाही. राज्याच्या कामासाठी नाव गुप्त ठेवायची भरवशाची सोय नाही हे मान्य करूनच चालायला हवं. त्यातल्या त्यात: माहिती अर्ज एकाने, तक्रार दुसऱ्याने, शक्यतो पाच-सात जणांच्या सहीने. माहिती अर्जात कारण द्यावं लागत नाही, फक्त पत्रव्यवहाराचा पत्ता, तो बेळगावातल्या पाहुण्यांचाही चालतो. आणि कागद हातात आले म्हणून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. अधिकाऱ्याकडे सद्हेतूने केलेली तक्रार अब्रुनुकसानीतून सुटते, ग्रुपवर टाकलेला फोटो सुटत नाही. शिवाय समोरच्याला तारखा बदलायला वेळ मिळतो.

इनव्हॉइस_ताई
तारखांवरून आठवलं. व्हाउचर, इनव्हॉइस, एमबीची शेवटची नोंद आणि सभेचा ठराव, चौघांच्या तारखा एका कागदावर खाली-खाली लिहा. काम मोजण्याआधी बिल, किंवा ठरावाआधी पेमेंट, असं निघालं तर तोच कागद जोडपत्र १ करा.

वेशीवरचा_पिंपळ
पोर्टल आत्ताच पाहिलं. पॅनचं चौथं अक्षर एच आहे.

इनव्हॉइस_ताई
मग कायदेशीर नावात कर्त्याचं नाव असेल. ते कुणाचं आहे ते इथे लिहू नका. स्क्रीनशॉट तारखेसह छापून ठेवा, आणि नोंदणीत बदल झाला तर कळावं म्हणून दर आठवड्याला बघत राहा.

फाइल_नंबर_बारा
आणि पहाणी आजच काढा, म्युटेशनसकट. वाटणीपत्राची धावपळ सुरू झाली तर जुनी प्रत कामाला येईल.

वेशीवरचा_पिंपळ
काढतो. पोस्टल ऑर्डर कुणाच्या नावे लिहायची?

दुभाषी_अक्का
पीडीओ, अमुक ग्रामपंचायत. नावाची जागा कोरी ठेवू नका, त्यावरून परत करतात. पाठवताना आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलंय, तेव्हा पावती जपा आणि पोचल्याचं ट्रॅकिंग छापून अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. हाताने दिलात तर स्वीकृतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर तिन्ही घ्या. नुसती सही नको.